प्राथमिक शिक्षण, महाराष्ट्रातील : शासन, अर्थसाहाय्य व शिक्षक-प्रशिक्षण

राज्य शासन, जिल्हा परिषदा, नगरपालिका, महानगरपालिका यांसारख्या सार्वजनिक संस्थांच्या मालकीच्या आणि सार्वजनिक निधीतून चालणाऱ्या प्राथमिक शाळांचा कारभार, त्यांना मिळणारे अर्थसाहाय्य व त्यांतील शिक्षकांची तयारी यांचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत नोंदीत घेतला आहे. शाळेचा खर्च कोणी सोसावा, तिच्यावर नियंत्रण कोणाचे असावे आणि तिचा शिक्षक कोणी घडवावा, हे तीन प्रश्न वरवर पाहता वेगवेगळे वाटले, तरी ते परस्परांत गुंतलेले आहेत. महाराष्ट्रात गेल्या दोनशे वर्षांत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वारंवार बदलली. प्रत्येक बदलाचा भार अखेरीस गावच्या शिक्षकावर पडला आणि त्याचे बरेवाईट फळ गावातील मुलांच्या वाट्याला आले.

प्रारंभ : पेशवाईच्या अखेरीस महाराष्ट्रात गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या. देवळाच्या ओवरीत, धर्मशाळेत किंवा एखाद्या सधन गृहस्थाच्या पडवीत त्या भरत. धूळपाटीवर मुळाक्षरे, मोडी वाचन-लेखन, पाढे, उजळणी व हिशेब एवढाच त्यांचा अभ्यासक्रम होता. पंतोजीचा निर्वाह मुलांच्या पालकांकडून मिळणाऱ्या धान्यावर, शिध्यावर व अल्प फीवर चाले. १८२९ च्या सुमारास केलेल्या सरकारी पाहणीत मुंबई इलाख्यात सु. १,७०० शाळा आणि ३५ हजारांवर विद्यार्थी असल्याचे आढळले. या शाळांपैकी फारच थोड्या सरकारी होत्या. मुली आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची मुले या शाळांत जवळजवळ नव्हतीच.

१८१३ च्या सनदी कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीवर शिक्षणासाठी प्रतिवर्षी एक लाख रुपये खर्च करण्याचे बंधन घातले. परंतु मुंबई इलाख्यात या कामाला खरी दिशा मिळाली ती मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन (१७७९–१८५९) हा गव्हर्नर असताना (१८१९–२७). १८२३ च्या टिपणात त्याने देशी शाळांतील अध्यापनपद्धती सुधारणे, शाळांची संख्या वाढविणे आणि त्यांना देशी भाषांतील पुस्तके पुरविणे या गोष्टींना अग्रक्रम दिला. शिक्षकास सरकारने अल्प वेतन द्यावे, उरलेला भार गाव व पालक यांनी सोसावा, असा त्याचा विचार होता. अर्थसाहाय्याची ही वाटणी पुढे शंभर वर्षे निरनिराळ्या रूपांत चालू राहिली.

१८२० मध्ये बाँबे एज्युकेशन सोसायटीच्या अंतर्गत देशी शाळा व पुस्तके यांसाठी एक समिती स्थापन झाली. १८२२ मध्ये तिला स्वतंत्र संस्थेचे रूप आले आणि १८२७ पासून ती ‘बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे हे तिचे एतद्देशीय कार्यवाह होते. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याच्या देखरेखीखाली मुंबईत काही तरुणांना नव्या पद्धतीने शिकविण्याचे शिक्षण देण्यात आले व १८२६ च्या सुमारास त्यांना दख्खन, कोकण व गुजरातमधील गावी शिक्षक म्हणून पाठविण्यात आले. सरकारच्या खर्चाने तयार झालेले महाराष्ट्रातील हे पहिले शिक्षक होत. शाळा काढण्याआधी शिक्षक तयार करावा, हा या योजनेतील विवेक पुढील काळात प्रत्येक विस्ताराच्या वेळी पाळला गेला नाही.

१८४० मध्ये सोसायटीचे काम सरकारने नेमलेल्या शिक्षण मंडळाकडे गेले. जगन्नाथ शंकरशेट (१८०३–६५) हे या मंडळाचे एक सदस्य होते. मंडळाचा अध्यक्ष सर अर्स्किन पेरी याच्या कारकीर्दीत शिक्षणाच्या माध्यमावरून मोठा वाद झाला. निवडक लोकांना इंग्रजीतून उच्च शिक्षण दिल्यास ज्ञान आपोआप खाली झिरपेल, असे पेरीचे मत होते. तर जनसामान्यांचे शिक्षण मातृभाषेतूनच झाले पाहिजे, असा आग्रह शंकरशेट आणि जर्व्हिस यांनी धरला. पैसा अपुरा असल्याने हा वाद केवळ तात्त्विक राहिला नाही. तो मराठी शाळांच्या वाट्याला काय येणार यासंबंधीचा होता. याच काळात १८४५ मध्ये मुंबईत अध्यापकवर्ग सुरू झाला. बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) हे त्याचे संचालक होते. त्यांच्या अकाली निधनानंतर हे काम दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–८२) यांच्याकडे आले.

शिक्षणखात्याची स्थापना : १८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षणाच्या शासनव्यवस्थेची चौकट घालून दिली. प्रत्येक प्रांतात स्वतंत्र शिक्षणखाते, शाळातपासणीसाठी निरीक्षक, खासगी शाळांना अनुदान आणि शिक्षकांसाठी प्रशिक्षण शाळा ही तिची मुख्य अंगे होती. त्यानुसार १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षणखाते अस्तित्वात आले व सी. जे. अर्स्किन हा त्याचा पहिला संचालक झाला. पुण्यात शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. कृष्णशास्त्री चिपळूणकर (१८२४–७८) यांनी तेथे प्राचार्य म्हणून काम केले. मराठी क्रमिक पुस्तकांच्या रचनेत मेजर टॉमस कँडी याचा मोठा वाटा होता. मराठी शाळापत्रक या मासिकामुळे दूरच्या गावातील शिक्षकाला नवे ज्ञान व खात्याच्या सूचना मिळू लागल्या. कृष्णशास्त्री व नंतर विष्णुशास्त्री चिपळूणकर (१८५०–८२) यांनी ते संपादिले. १८७५ मध्ये ते बंद पडले. सेवेत असलेल्या शिक्षकाच्या विकासाचे हे महाराष्ट्रातील एक आरंभीचे साधन म्हणता येईल.

मेरी कार्पेंटर हिच्या १८६६ मधील भारतभेटीनंतर स्त्री-शिक्षिकांच्या प्रशिक्षणास चालना मिळाली आणि १८७० च्या सुमारास पुण्यात स्त्रियांसाठी ट्रेनिंग कॉलेज निघाले. जोतीराव फुले (१८२७–९०) व सावित्रीबाई फुले (१८३१–९७) यांनी पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा काढल्यापासून शिक्षिकांची उणीव प्रकर्षाने जाणवत होती. तरीही प्रशिक्षित शिक्षिकांची संख्या दीर्घकाळ अल्पच राहिली. पुढे पुण्याच्या सेवासदनाने (स्थापना १९०९) विधवा व प्रौढ स्त्रियांना शिक्षिकेच्या व्यवसायासाठी तयार करण्याचे मोलाचे कार्य केले.

स्थानिक उपकर आणि फुल्यांचे निवेदन : खेड्यांतील शाळांसाठी निश्चित उत्पन्न असावे म्हणून १८६३ पासून जमीनमहसुलावर रुपयामागे एक आणा असा स्थानिक उपकर मुंबई इलाख्यात सुरू झाला. १८६९ च्या कायद्याने त्याला वैधानिक आधार मिळाला. या उत्पन्नाचा एक-तृतीयांश भाग शिक्षणासाठी आणि उरलेला रस्ते इ. कामांसाठी राखून ठेवण्यात आला. या उपकरामुळे शाळांची संख्या झपाट्याने वाढली. तथापि कर भरणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला शाळेचा लाभ कितपत मिळतो, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे ऑक्टोबर १८८२ मध्ये सादर केलेल्या निवेदनात फुल्यांनी नेमक्या याच प्रश्नावर बोट ठेवले. सरकारी महसुलाचा मोठा भाग कष्टकरी रयतेकडून येतो आणि शिक्षणावरील खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या पदरात पडतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. शिक्षकांविषयीच्या त्यांच्या सूचना विशेष लक्षणीय आहेत. शिक्षक प्रशिक्षित असावेत. ते शक्यतो शेतकरी वर्गातून आलेले असावेत, म्हणजे गावकऱ्यांत ते मोकळेपणाने मिसळतील व प्रसंगी नांगर अथवा सुताराचे हत्यार हाती धरण्यात कमीपणा मानणार नाहीत. त्यांचे वेतन दरमहा बारा रुपयांपेक्षा कमी नसावे व मोठ्या गावी ते पंधरा ते वीस रुपये असावे, असे त्यांनी सुचविले. अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास-भूगोल, व्याकरण यांबरोबर शेती, नीती व आरोग्य यांची प्राथमिक माहिती असावी, असेही त्यांचे म्हणणे होते. अर्थसाहाय्य, कारभार व शिक्षक यांचा एकत्रित विचार करणारे हे महाराष्ट्रातील पहिले महत्त्वाचे निवेदन होय.

हंटर आयोगाने प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे सोपविण्याची शिफारस केली. १८८४ च्या कायद्यांनुसार जिल्हा व तालुका स्थानिक मंडळे आणि नगरपालिका यांच्याकडे प्राथमिक शाळा आल्या. शिक्षकांचे शिक्षण व शाळांची तपासणी मात्र खात्याच्याच हाती राहिली. अनुदानप्राप्त शाळांना परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत त्या काळी रूढ होती. निरीक्षकाच्या वार्षिक परीक्षेत किती मुले उतरली, यावर रक्कम ठरत असल्याने शिक्षक मुलांकडून उत्तरे घोकून घेत आणि मागे पडणाऱ्या मुलांकडे दुर्लक्ष करीत. १९०४ च्या शिक्षणविषयक सरकारी ठरावानंतर ही पद्धत मोडीत निघाली. शिक्षकाच्या कामाचे मोजमाप व त्याचे उत्पन्न यांची सरळ गाठ घातल्यास अध्यापनच संकुचित होते, हा या अनुभवाचा धडा होय.

या काळातील मराठी शिक्षक बहुधा सातवी इयत्तेची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा उत्तीर्ण झालेला असे. काही काळ उमेदवारी केल्यावर त्याला ट्रेनिंग कॉलेजात पाठविले जाई आणि पहिल्या, दुसऱ्या अथवा तिसऱ्या वर्षाच्या प्रमाणपत्रावर त्याची वेतनश्रेणी ठरे. अनेक गावी टपालाचे काम त्याच्याकडेच असे. गावातील पत्रे वाचून दाखविणे, अर्ज लिहून देणे यांसारख्या कामांमुळे त्याला प्रतिष्ठा मिळे. परंतु वेतन मात्र तुटपुंजे होते.

सक्तीच्या शिक्षणाची चळवळ : बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड (१८६३–१९३९) यांनी १८९३ मध्ये अमरेली विभागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ मध्ये तो सर्व संस्थानभर लागू केला. त्यावरून प्रेरणा घेऊन गोपाळ कृष्ण गोखले (१८६६–१९१५) यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात १९१० मध्ये ठराव व १९११ मध्ये विधेयक मांडले. सक्ती लागू करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना द्यावा आणि खर्चाचा भार सरकारने वाटून घ्यावा, अशी त्यात तरतूद होती. १९ मार्च १९१२ रोजी १३ विरुद्ध ३८ मतांनी ते फेटाळले गेले. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू (१८७४–१९२२) यांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला.

ब्रिटिश मुलखात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्ती लागू करण्याची मुभा मिळाली. १९१९ च्या सुधारणांनुसार शिक्षण हे खाते लोकनियुक्त मंत्र्यांकडे आले. रँग्लर र. पु. परांजपे (१८७६–१९६६) मंत्री असताना १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा संमत झाला. त्यान्वये प्राथमिक शाळांचा कारभार जिल्हा लोकल बोर्डे व मोठ्या नगरपालिका यांनी नेमलेल्या शाळामंडळांकडे गेला. सक्तीमुळे वाढणाऱ्या खर्चापैकी दोन-तृतीयांश भाग लोकल बोर्डांना आणि निम्मा भाग नगरपालिकांना शासनाने द्यावयाचा होता. मुंबई शहरात एफ व जी विभागांत १९२५ मध्ये सक्ती लागू झाली. ग्रामीण भागात मात्र पैशाअभावी ती फार थोड्या ठिकाणी येऊ शकली.

शाळामंडळांच्या कारभारातून एक नवी अडचण उद्‌भवली. शिक्षकांच्या नेमणुका व बदल्या निवडून आलेल्या सभासदांच्या हाती गेल्यामुळे स्थानिक गटबाजीचा उपसर्ग शिक्षकांना पोहोचू लागला. १९२९ च्या हार्टोग समितीने प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांकडे अतिरेकाने सोपविल्याबद्दल टीका केली. समितीने दाखविलेली गळतीही चिंताजनक होती : ब्रिटिश हिंदुस्थानात १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांपैकी केवळ अठरा मुले १९२५-२६ मध्ये चौथीत पोहोचली होती. शाळांची संख्या वाढविण्यापेक्षा शिक्षकांची पात्रता, वेतन व तपासणी यांकडे लक्ष द्यावे, असे समितीने सुचविले. दर्जाच्या नावाखाली विस्तार रोखला जाईल, अशी भीती भारतीय शिक्षणतज्ज्ञांनी त्यावर व्यक्त केली. विस्तार आधी की गुणवत्ता आधी, हा वाद त्यानंतर कधीच पूर्णपणे मिटला नाही.

बाळ गंगाधर खेर (१८८८–१९५७) यांच्या मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये १९२३ च्या कायद्यात दुरुस्ती केली व शाळामंडळाचा प्रशासन अधिकारी हा शासनाचा नोकर ठरविला. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने ही व्यवस्था दृढ केली आणि जिल्हा शाळामंडळांच्या खर्चाचा बहुतांश भार शासनाने स्वीकारला. अर्थसाहाय्याबरोबर नियंत्रणही अशा रीतीने पुन्हा वर सरकले.

मूलोद्योग शिक्षण व इतर प्रयोग : ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन समितीने तिच्या ठरावांना अभ्यासक्रमाचे रूप दिले. हातउद्योग हे शिक्षणाचे केंद्र मानणाऱ्या या नयी तालीमसाठी सूतकताई, शेती व समवाय पद्धती जाणणारे शिक्षक हवे होते. म्हणून प्रशिक्षण विद्यालयांचे मूलोद्योग विद्यालयांत रूपांतर करण्यात आले. मध्य प्रांत व वऱ्हाडात याच काळात रविशंकर शुक्ल यांच्या पुढाकाराने विद्यामंदिर योजना निघाली. शाळेला जमीन मिळवून देऊन तिच्या उत्पन्नातून शिक्षकाचा निर्वाह व्हावा, अशी तीमागील कल्पना होती. हे प्रयोग फार काळ टिकले नाहीत. स्वावलंबनाचा अर्थ शासनाने खर्चातून अंग काढून घेणे असा होऊ लागला, तर पालक व शिक्षक दोघेही त्यापासून दूर जातात, हे त्यांच्या इतिहासावरून दिसते. तथापि हाताने काम करीत शिकणे हे तत्त्व पुढील अभ्यासक्रमांत टिकून राहिले.

कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांच्या रयत शिक्षण संस्थेने (स्थापना १९१९) सातारा जिल्ह्यातील शाळा नसलेल्या खेड्यांत अनुदानित प्राथमिक शाळा चालविल्या. त्यांसाठी शिक्षक मिळावेत म्हणून १९३५ मध्ये सातारा येथे ग्रामीण शिक्षकांचे प्रशिक्षण विद्यालय काढले. ग्रामीण व मागासलेल्या समाजातील तरुणांना वसतिगृहात ठेवून शिक्षक बनविण्याच्या या उपक्रमात फुल्यांच्या निवेदनातील अपेक्षेची काही अंशी पूर्ती झाली.

जिल्हा परिषदांचा काळ : १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा त्याच्या तीन भागांत प्राथमिक शाळांचा कारभार तीन पद्धतींनी चालत होता. पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा शाळामंडळे होती, विदर्भात १९४८ च्या कायद्याने निर्माण झालेल्या जनपद सभा होत्या आणि पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील मराठवाड्यात शाळा थेट शासनाच्या होत्या. वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर १९६१ मध्ये महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम संमत झाला व १ मे १९६२ पासून सर्व जिल्ह्यांतील ग्रामीण प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या. धोरण, अभ्यासक्रम व वेतनाचे अनुदान राज्य शासनाकडे. नेमणुका, बदल्या व शाळांचा दैनंदिन कारभार जिल्हा परिषदेकडे, अशी कामांची विभागणी झाली. शिक्षण समिती, शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी व विस्तार अधिकारी अशी उतरंड निर्माण झाली. शहरांतील शाळा नगरपालिका व महानगरपालिका यांच्याकडे, तर आदिवासी भागातील आश्रमशाळा पुढे आदिवासी विकास विभागाकडे राहिल्या. परिणामी शेजारशेजारच्या दोन सार्वजनिक शाळा दोन वेगळ्या विभागांच्या अखत्यारीत असणे शक्य झाले.

शिक्षक-विकासाला शैक्षणिक अधिष्ठान देण्यासाठी १९६४ मध्ये पुण्यात राज्य शिक्षण संस्था स्थापन झाली. १९८४ मध्ये तिचे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत रूपांतर झाले. २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती) सुरू झाले. राज्यभर स्वस्त व एकसारखी पुस्तके मिळू लागल्याने शिक्षकाच्या हाती एक भरवशाचे साधन आले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी, अशी अपेक्षा व्यक्त केली. या आयोगाचे सदस्य-सचिव जयंत पांडुरंग तथा जे. पी. नाईक (१९०७–८१) हे कोल्हापूरकडील होते. शाळा हे विकेंद्रित कारभाराचे मूळ घटक मानून जवळच्या शाळांचे परस्परसाहाय्यक समूह करावेत, ही आयोगाची कल्पना महाराष्ट्रात शाळासमूह आणि पुढे केंद्रशाळा यांच्या रूपाने अंशतः उतरली.

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत आले आणि केंद्र शासनाचा सहभाग वाढला. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर खडू-फळा मोहीम सुरू झाली. प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक व आवश्यक शैक्षणिक साहित्य मिळावे, हा तिचा हेतू होता. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था (डाएट) याच धोरणातून निर्माण झाल्या. १९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्यात औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद (आता अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव ही पहिल्या व शेवटच्या जिल्ह्यांची नावे) आणि परभणी हे मराठवाड्यातील पाच जिल्हे घेण्यात आले. त्याच दशकात सु. दहा शाळांमागे केंद्रप्रमुख नेमण्याची पद्धत रूढ झाली. केंद्रातील शिक्षकांनी ठराविक काळाने एकत्र येऊन आदर्श पाठ पाहावा व अडचणींची चर्चा करावी, ही त्यामागील योजना होती. केंद्रप्रमुखाचा वेळ माहिती गोळा करण्यात जाऊ लागला किंवा त्याचे पद रिक्त राहिले, तेथे ती निष्प्रभ झाली.

हक्क, उत्तरदायित्व व शिक्षक : २००१ पासून सर्व शिक्षा अभियानाद्वारे केंद्राचा निधी मोठ्या प्रमाणावर येऊ लागला. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत ठरला. तत्संबंधीचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. गोखल्यांचे विधेयक फेटाळले गेल्यापासून ९८ वर्षांनी ही गोष्ट घडली. पहिली ते पाचवीसाठी तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, तीन-चतुर्थांश पालक-सदस्य असलेली शाळा व्यवस्थापन समिती आणि जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामांना मनाई, या तरतुदी कारभाराच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. शिक्षणविषयक केंद्रीय योजना २०१८ मध्ये समग्र शिक्षा या नावाखाली एकत्र करण्यात आल्या. केंद्र व राज्य यांच्यातील खर्चाचे प्रमाण २०१५-१६ पासून महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी ६० : ४० असे आहे, शिक्षकांच्या वेतनाचा मुख्य भार मात्र राज्याच्याच तिजोरीवर आहे.

वेतनावरील खर्च आवरण्यासाठी राज्याने २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आणली. नवनियुक्त शिक्षकाने पहिली तीन वर्षे मासिक मानधनावर काम करावयाचे व नंतर त्याला नियमित वेतनश्रेणी मिळावयाची, असे तिचे स्वरूप आहे. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन प्रारंभी ३,००० रुपये होते. दीर्घकाळ ते अपुरे राहिले आणि २०२३ मध्ये १६,००० रुपये करण्यात आले. दुसरीकडे खासगी डी. एड्. विद्यालयांची बेसुमार वाढ झाली. महाराष्ट्रातील अशा विद्यालयांच्या मान्यतेसंबंधीच्या वादातूनच सर्वोच्च न्यायालयाने न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला व त्याने २०१२ मध्ये शिक्षक-प्रशिक्षणातील दुरवस्थेवर अहवाल सादर केला. २०१० नंतर काही वर्षे भरती जवळजवळ थांबल्याने पदविका घेतलेले असंख्य तरुण बेकार राहिले आणि विद्यालये ओस पडली. १८२६ मध्ये शिक्षकांअभावी शाळा अडत होत्या. आता प्रशिक्षित तरुण आणि रिक्त पदे एकाच वेळी दिसू लागली.

२०१३ पासून राज्यात शिक्षक पात्रता परीक्षा घेतली जाते. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत शिल्लक असलेल्या कार्यरत शिक्षकांनाही ही परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होणे आवश्यक ठरविले. त्यामुळे दीर्घ अनुभवाचे मोल आणि परीक्षेतील गुण यांच्या तुलनेचा प्रश्न नव्याने पुढे आला.

सेवांतर्गत प्रशिक्षण बहुतेक वेळा वरून खाली येणाऱ्या साखळीने दिले गेले. राज्यस्तरावर तज्ज्ञमार्गदर्शक, जिल्ह्यात साधनव्यक्ती व तालुक्यात शिक्षक असा आशय उतरत जाताना तो पातळ होतो, असा सार्वत्रिक अनुभव आहे. याउलट सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील शाळांत ज्ञानरचनावादी पद्धतीचे जे काम झाले, ते पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक आले. २२ जून २०१५ रोजीच्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासननिर्णयानंतर शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाचा वर्ग पाहून शिकण्याच्या या मार्गाला अधिक उत्तेजन मिळाले. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला पन्नास तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे.

कमी पटाच्या शाळांचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. वीसपेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या शाळांच्या जागी समूहशाळा उभारण्याचा विचार २०२३ मध्ये शासनाने पुढे आणला, तेव्हा त्याला शिक्षक-संघटना व पालकांनी विरोध केला. डोंगरी वाड्यावस्त्यांवर किंवा ऊसतोडणीसाठी स्थलांतर होणाऱ्या भागात लहान शाळा बंद होणे म्हणजे, विशेषतः मुलींच्या बाबतीत, शिक्षणच संपणे होय, असे विरोधकांचे म्हणणे आहे. तर एकाच शिक्षकाने चार-पाच इयत्ता सांभाळल्याने मुलांचे नुकसान होते, असा योजनेच्या समर्थकांचा युक्तिवाद आहे.

समालोचन : या इतिहासातून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, अर्थसाहाय्य देणारी सत्ता क्रमाक्रमाने नियंत्रणही आपल्याकडे ओढते. १९३८, १९४७ व २००१ नंतरचा अनुभव हेच दाखवितो. दुसरा निष्कर्ष असा की, केवळ विकेंद्रीकरणाने शाळा लोकांची होत नाही. शाळामंडळांच्या काळातील बदल्यांचे राजकारण हे त्याचे उदाहरण होय. स्थानिक सत्तेला पुरेसा निधी व शिक्षकाला नियमांचे संरक्षण या दोन्ही गोष्टी एकत्र असतील, तरच तिचा लाभ मिळतो. तिसरा व सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष शिक्षकासंबंधीचा आहे. शिक्षकाची निवड, वेतन, स्थैर्य, प्रशिक्षण व वेळ यांपैकी एकाकडे जरी दुर्लक्ष झाले, तरी उरलेल्यांवरील खर्च मोठ्या प्रमाणात वाया जातो. पुरेसे वेतन घेणारा, प्रशिक्षित व रयतेत मिसळणारा शिक्षक ही १८८२ मधील अपेक्षा होती. त्यांपैकी वेतनाचा प्रश्न नियमित शिक्षकापुरता बऱ्याच अंशी सुटला आहे, प्रशिक्षणाचा अर्धा सुटला आहे; आणि शाळा व गाव यांच्यातील जिव्हाळ्याचा प्रश्न आदेशाने सुटण्याजोगा नसल्याने तो प्रत्येक पिढीतील शिक्षकाला व गावाला नव्याने सोडवावा लागतो.